बघायला लावलेलं गवत

परतूरमध्ये बाईंच्या घराचा पत्ता विचारला की माणूस आधी हसायचा आणि मग सांगायचा. "त्या गवताच्या बाई का? जा सरळ. साडीला कुसळं चिकटली की समजा घर आलं." ऐंशीच्या दशकात बँकेतली पहिलीच नोकरी घेऊन मी त्या गावी उतरले, तेव्हा स्टेशनवरच्या टांगेवाल्यानं मला हेच सांगितलं. मला वाटलं, नवीन बाईमाणूस बघून गंमत करतोय. पण घरापाशी टांग्यातून उतरून फाटक ढकललं आणि पायवाटेवर चार पावलं टाकली, तर माझ्या निऱ्यांना तांबूस काट्यांची झालर लागलेली.

बाई गावातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, सावळ्या, खळ घातलेली कडक सुती साडी, आणि बारा महिने काखेत काळी छत्री. आपल्या घराची मागची खोली त्या भाड्यानं द्यायच्या, पण भाडेकरू टिकायचा नाही. त्याचं कारण दारातच उभं होतं. दुसऱ्या लोकांच्या अंगणात जास्वंद असते, तुळस असते, फार तर पेरू. बाईंच्या अंगणात फाटकापासून ओट्यापर्यंत कंबरेएवढं गवत होतं. तेही कुसळी. म्हणजे माळावर, रेल्वेच्या रुळांकडेला, डोंगराच्या उतारावर फुकट उगवतं ते. ज्याची कुसळं शेळ्यांच्या तोंडात रुततात आणि धोतरातून मांडीपर्यंत पोचतात ते. आणि ते आपोआप माजलेलंही नव्हतं. नीट ठोंबाठोंबांनी, मध्ये जागा सोडून, कडेला दगड लावून कुणीतरी मायेनं वाढवलेलं होतं.

मी कृष्णाकाठची. आमच्याकडं बाग म्हणजे पाणी, चिखल, केळी, अळू. त्या वाळक्या काड्या बघून मी मनात म्हटलं, इथं काही आपला निभाव लागायचा नाही.

बाई बाहेर आल्या. पायात पुरुषांचे रबरी बूट.

"खोली बघायला आलात ना? खोली मंग बघा. आधी हितं बसा."

ओट्यावर एक लोखंडी खुर्ची होती, गवताकडं तोंड करून ठेवलेली.

"मी चहा टाकते. चहा होईपर्यंत बसायचं. मंग सांगायचं, ऱ्हायचं का न्हाई."

त्या आत गेल्या. मी खुर्चीत बसून निऱ्यांमधली कुसळं एकेक उपटायला लागले. दिवाळी होऊन गेलेली, उन्हं कलली होती. एकदा मान वर केली आणि हात थांबला. सूर्य गवताच्या पलीकडं उतरला होता. मघाशी मी जे वाळकं म्हणून बघितलं होतं, ते आतून पेटल्यासारखं दिसत होतं. खाली नारिंगी, मध्ये तांब्याचा रंग, आणि वर काळपट कुसळांच्या एकमेकींत गुंतून झालेल्या बारीक बारीक वेण्या. वाऱ्याची झुळूक आली की तो सगळा रंग एका बाजूला वाहत जायचा आणि परत यायचा. आवाज व्हायचा तो कुणी रेशमी साडी घडी करत असल्यासारखा.

बाई चहा घेऊन आल्या. कोरा चहा, दूध त्या कशातच घालत नसत. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. माझ्या हातांकडं बघितलं.

"कुसळं काढायची थांबलात," त्या म्हणाल्या. "ऱ्हाल तुम्ही."

मी राहिले, आणि चांगली सहा-सात वर्षं राहिले.

बाई सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. पाचवीतल्या मुलीलासुद्धा, "अहो, तुमचा हातचा राहिला." ओट्यावर येऊन झोपणाऱ्या कुत्र्याला, "अहो, उठा, मला झाडायचं हे." शाळेतल्या मुली मला सांगायच्या की छडीवाल्या मास्तरांची भीती वाटत नाही, पण बाई शांतपणे "तुम्ही परत करून दाखवा" म्हणाल्या की येत असलेलं गणितही चुकतं. माणूस एकदा अहो झाला की त्याला वागावंही तसंच लागतं, असं बाईंचं म्हणणं. गवतालाही त्या 'त्यांना' म्हणायच्या.

"यांना पाणी कधी घालता?" मी पहिल्या उन्हाळ्यात विचारलं होतं.

"घालत न्हाई."

"कधीच नाही?"

"त्यांना तहान लागली की ते मुळानं खाली जातात. आपण वरून कशाला हाका मारायच्या?"

खत नाही, पाणी नाही. उलट, घर बांधलं तेव्हा अंगणात चांगली काळी माती होती, तर बाईंनी बैलगाड्या लावून तिच्यावर मुरूम टाकून घेतला. गल्लीतले लोक अजून ते सांगताना कपाळाला हात लावायचे. अख्खं गाव मुरमावर माती आणून टाकतं आणि ह्या मातीवर मुरूम टाकतात! मी कारण विचारलं तर बाई म्हणाल्या, "काळ्या मातीत ते माजतात. पानंच पानं येतात आन लोळतात. जरा उपाशी ठेवलं की ताठ उभे राहतात. रंगबी तवाच धरतात." ऊन मात्र दिवसभर पाहिजे. अंगणातलं एकुलतं एक कडुलिंबाचं झाड सावली पाडायला लागलं, तेव्हा त्याच्या फांद्या छाटताना त्यांनी झाडाची रीतसर माफी मागितली होती. फाल्गुनात विळ्यानं सगळं गवत वीतभर ठेवून कापायच्या, कापलेलं गवळ्याला देऊन टाकायच्या, आणि मग पावसापर्यंत त्या खुंटांकडं बघत बसायच्या. तेव्हाही बसायच्या. गाजरगवताचं रोप दिसलं की मात्र मुळासकट उपटायच्या. "ह्यांना कुणी बोलावलं न्हाई," म्हणायच्या.

दाराच्या कडीला सुतळीनं एक फणी बांधलेली होती. निघताना प्रत्येक पाहुण्यानं तिनं आपले कपडे विंचरायचे आणि निघालेली कुसळं एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा एकदा पँट विंचरत उभे असलेले मी बघितले आहेत.

आणि येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा. हे कशासाठी लावलंय? औषधी आहे का? गायीसाठी? नवस वगैरे बोललाय का? बाई म्हणायच्या, "बघायला."

"एवढंच?"

"गुलाब कशाला लावतात लोक?"

"गुलाब दिसायला छान असतो हो बाई."

"मंग?"

समोरचा हसून फणी हातात घ्यायचा. बाईंचा त्यात जिंकल्याचा भाव नसायचा. त्यांना खरंच कळत नसायचं की अडचण कुठं आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांचा एक उद्योग चालायचा. चिकणमातीची गोळी करून त्यात एक कुसळ टोकाकडून खोचायचं आणि खिडकीत ठेवायचं. कुसळाला मध्ये गुडघ्यासारखा बाक असतो आणि वरची शेपटी आडवी राहते, घड्याळाच्या काट्यासारखी. हवा कोरडी असली की ती शेपटी गप्प. हवेत ओल आली की ती फिरायला लागायची. पहिल्यांदा बाईंनी मला बोलावून दाखवलं तेव्हा त्यांनी नुसता बोटावरचा एक थेंब तिच्यावर सोडला. मी बघत होते, आणि त्या मेलेल्या, वाळलेल्या, वर्षभर डब्यात पडलेल्या काडीनं सावकाश एक गिरकी घेतली. मग दुसरी. अंगावर काटा आला माझ्या.

"असंच फिरत फिरत जमिनीत घुसतं ते," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "कुणी पेरायला लागत न्हाई. ज्याला त्याला वाटतं, टोचायसाठी हे. न्हाई हो. ते घर शोधून राह्यलंय."

दर वर्षी थोडं बी त्या नव्यानं आणायच्या. केदारखेड्याच्या अलीकडं एक माळ होता, त्यांच्या लहानपणच्या गावाजवळ, तिथलं कुसळी त्यांच्या मते सगळ्यांत तांबडं. एका कार्तिकात मीही बरोबर गेले. जालन्याला गाडी बदलून आम्ही तिथं पोचलो, माळावर दुपारभर फिरलो. बाई प्रत्येक ठोंबापुढं उभ्या राहायच्या, डोळे बारीक करून बघायच्या, आणि शंभरातल्या एखाद्याच्याच वेण्या हातानं हळूच ओढून घ्यायच्या. येताना बी बांधलेलं धोतराचं फडकं त्यांच्या मांडीवर होतं. गाडीला गर्दी. जालन्याच्या अलीकडं गाडीला गचका बसला आणि फडक्याची गाठ सुटली. पुढच्या पाच मिनिटांत एसटीत जी बोंब झाली ती काय सांगू. माणसं उभी राहून धोतरं झाडायला लागली, एक म्हातारी "मेले गं बाई, काय चावलं" म्हणून ओरडायला लागली, कंडक्टरनं घंटी मारून गाडीच थांबवली. बाई मात्र लोकांच्या पायाशी बसून एकेकाच्या कपड्यातून कुसळं काढत होत्या आणि परत फडक्यात ठेवत होत्या. "जरा थांबा, हलू नका. तुमच्याकडं लई चांगलं हे एक." शेवटी लोकच हसायला लागले आणि आपापली कुसळं उपटून आणून द्यायला लागले.

गावात हौशी मंडळींचं एक मंडळ होतं. ते दर हिवाळ्यात सुंदर बागेची स्पर्धा घ्यायचं. बाई दर वर्षी मनापासून भाग घ्यायच्या. आदल्या दिवशी दगड धुवायच्या, पायवाट झाडायच्या, परीक्षकांसाठी खुर्ची मांडायच्या. पण परीक्षक यायचे सकाळी दहाला, ऊन डोक्यावर यायला लागलेलं असताना, आणि फाटकातूनच विचारायचे, "बाग कुठं आहे?" एकदा एक जण म्हणाले, "बाई, आधी हे गवत काढून घ्या, मग आम्ही निवांत येतो बाग बघायला." बाई म्हणाल्या, "तुम्ही निवांत पाच वाजता या." कुणी आलं नाही. बक्षीस कायम कुणाच्या तरी डेलियाला. बाई बक्षीस समारंभाला जाऊन पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती आगीची.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता आणि दिवाळीतच गवत वाळून खडखडीत झालं होतं. शेजारी एका आडत्याचं घर होतं. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दुकान आणि वीस मैलांवर शेती. शेतातला पहिल्या वेचणीचा कापूस त्यांच्या पडवीत छतापर्यंत भरून ठेवलेला होता. पडवीच्या आतल्या खोलीत शेठची म्हातारी आई बाजेवर असायची. पाडव्याच्या दुपारी गल्लीतल्या पोरांनी उरलेले फटाके काढले. त्यातला एक बाण आडवा सुटला आणि बाईंच्या गवतात येऊन पडला.

मी खिडकीत होते. आधी वाटलं धूर आहे, आणि धूर म्हणेपर्यंत अंगण गेलं होतं. वाळलेल्या कुसळीचा जाळ कसा असतो ते ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तो पसरत नाही, उडतो. कुंपणाच्या वर गेलेल्या ज्वाळा वाऱ्यानं वाकल्या आणि शेठच्या पडवीचा ताडपत्रीचा पडदा पेटला.

बाईंनी आपल्या गवताकडं एकदाही बघितलं नाही. अंगणातल्या हौदात गोधडी बुचकळली, ती डोक्यावर घेतली आणि कुंपणाच्या तारेतून शेठच्या पडवीत शिरल्या. कापसाचा कडेचा ढीग धुमसायला लागला होता, तो उघड्या हातांनी ओढून त्यांनी बाहेर फेकला. मग आत जाऊन म्हातारीला पाठीवर घेऊन आल्या. तोवर गल्ली जमा झाली, बादल्या आल्या, आग विझली. म्हातारीला धक्का बसला होता पण इजा नव्हती. कापूस बराच वाचला. बाईंचे दोन्ही तळहात मात्र सोलून निघाले होते, आणि अंगणात फक्त काळी राख.

शेठ मोंढ्यातून धावत आले. आईला बघितलं, आणि मग बाईंच्या दारात येऊन जे बोलले ते सगळं मी इथं लिहिणार नाही. "तुमच्या शौकापायी माझी आई गेली असती!" हे शेवटचं वाक्य. मला राग आला. मी म्हणाले, "अहो, बाण पोरांचा होता. आणि आईला काढलं कुणी?"

बाईंनी मला थांबवलं. "त्यांचं बराबर हे," त्या म्हणाल्या. "गवत माझं होतं."

पुढचा महिना बाईंना खडू धरता आला नाही. पण शाळा बुडवली नाही. भूमिती तोंडी शिकवायच्या. फळ्यापाशी एक मुलगी उभी करायची आणि खुर्चीत बसून सांगायचं, "उजवीकडं जा. आता जरा वर. थांबा. तिथून कोन घ्या." मुली म्हणायच्या, त्या महिन्यात जेवढं प्रमेय डोक्यात बसलं तेवढं कधी बसलं नाही.

गल्लीचं मत मात्र ठरलं होतं. गवत परत उगवता कामा नये. मुळं जिवंत असतात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ठोंब खणून काढा, असा निरोप आला. बाई हो म्हणेनात, नाही म्हणेनात. तेव्हा कुणीतरी औरंगाबादला त्यांच्या धाकट्या भावाला कळवलं. तो एका सरकारी कार्यालयात नोकरीला होता. आला तो रविवारी, आणि ओट्यावर बसून त्या राखेकडं बघत राहिला. मी चहा द्यायला गेले तेव्हा त्याचा बांध फुटला.

"अक्का, आपला आबा जल्मभर पाटलाच्या कुरणात गवत कापत ऱ्हायला. कंबर वाकली त्याची. आपल्याला शिकवलं ते कशासाठी? ह्याच्यातून निघावं म्हणून. आन तू शिकून-सवरून, मास्तरीण होऊन, दारात तेच आणून लावलं? लोक पाठीमागं काय म्हणतात ऐकलंय का कधी? गवत काढणाऱ्याची पोर, गवत सुटंना म्हणतात."

मला निघून जावंसं वाटत होतं, पण बाईंनी मला नजरेनंच बस म्हणून सांगितलं. त्यांचे बांधलेले हात मांडीवर होते.

"आबानं कापलं, बराबर हे," त्या म्हणाल्या. "खाली मान घालून कापलं. दिवस मावळायच्या आत भारे व्हायला पाह्यजेत, न्हाई तर हजेरी न्हाई. मी त्याच्या पाठीमागं पेंढ्या गोळा करत यायचे. तू तवा झोळीत होतास. एका दिवशी ऊन असं खाली आल्तं, आन सगळं कुरण... मी काय सांगू तुला. मी म्हणलं, आबा, बघ बघ! त्यानं मागं वळून पाह्यलं. मी बोट दाखवून राह्यले आन त्याला कळंना मी काय दाखवून राह्यले. त्याला वाटलं, साप निघाला. त्यानं विळा उगारला."

भावानं चहाचा कप खाली ठेवला.

"साप न्हाई हे कळल्यावर हसला तो. परत खाली वाकला. त्याला वेळच न्हवता रे. मला वेळ हे. पगार हे, घर हे, खुर्ची हे. मी बघून राह्यले. त्याच्याबी वाटचं."

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना मला म्हणाला, "अक्काला सांभाळा." गवताचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी हातांना पट्ट्या तशाच असताना बाई शेठच्या घरी गेल्या. मी सोबत होते. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुमच्या बाजूनं चांगला रुंद पट्टा मी उघडा करते. त्याच्यावर फरशा टाकते, काडी ठेवणार न्हाई. दर दिवाळीच्या आधी सगळं कापून काढते. फक्त येता एक पावसाळा द्या मला. त्याच्यानंतरबी तुम्हाला नको वाटलं तर माझ्या हातानं खणून काढीन."

शेठनं होकार दिला नाही. पण म्हातारी आतून म्हणाली, "दे रं." शेठ आत निघून गेले.

मृगाचे दोन शिडकावे झाले आणि राखेतून पोपटी टोकं वर आली. आगीनं त्यांचं काही बिघडलं नव्हतंच. उलट बाई म्हणाल्या की मधला कचरा जळाल्यानं त्यांना मोकळा श्वास मिळाला. त्या वर्षीसारखं गवत मी आधी बघितलं नव्हतं, पुढंही नाही. श्रावणात जांभळट कणसं आली. दसऱ्याला कुसळं सुटली. फरशांचा पट्टा बाईंनी रोज झाडून आरशासारखा ठेवला. शेठ येता-जाता कुंपणाकडं बघायचे आणि मान फिरवायचे.

दिवाळीला आठवडा उरला असताना एका संध्याकाळी शेठ आले. बरोबर दोन गडी, खांद्यावर टिकाव. म्हणाले, "बाई, तुमचा पावसाळा झाला."

"झाला," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण दाराची चौकट धरलेली त्यांची बोटं पांढरी झाली होती. "उद्यापासून मी कापणारच होते. पण तुम्ही आलात. बसा. चहा घ्या, मंग खणू."

शेठ लोखंडी खुर्चीत बसले, ते चहाला नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. गडी पायरीवर टेकले. वेळ ती होती, पाचच्या पुढची. दुपारी उगाच चार थेंब पडून गेले होते आणि परत ऊन पडलं होतं. बाई आत चहा टाकत होत्या. मी दारात उभी होते, म्हणून मला दिसलं. ओल बसलेली कुसळं हलायला लागली होती. वारा बिलकुल नव्हता. अख्ख्या अंगणातल्या हजारो वेण्या आपल्याआपण सावकाश पिळत होत्या, सुटत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आणि पाठीमागून येणारं ऊन त्या प्रत्येक हालचालीवर चमकत होतं. एका गड्यानं टिकाव खाली ठेवला आणि हात जोडले. का जोडले ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बाईंनी चहा आणून दिला. शेठनं तो हातात धरून ठेवला. गार झाला तरी प्यायले नाहीत. बऱ्याच वेळानं ते गड्यांना म्हणाले, "जा रे. मोंढ्यात जा, पोती उतरवायची राह्यलीत."

मग उठून फाटकापर्यंत गेले आणि वळून न बघता म्हणाले, "पट्टा अजून दोन हात रुंद करा."

बाईंनी केला. पुढं दर वर्षी दिवाळीच्या आधी त्यांनी कापणी धरली आणि कधी चुकवली नाही. मधला एवढा सुंदर महिना हातचा जायचा, पण त्याबद्दल एक शब्द नाही. कुंपणापासून लांब, ओट्याला लागून वाटोळा एक तुकडा तेवढा राखायचा, एवढी सवलत त्यांनी शेठकडून मागून घेतली होती. पुढं शेठची आई सुनेच्या खांद्यावर हात ठेवून अधूनमधून त्या तुकड्यापाशी येऊन बसायची. बाई तिला खुर्ची देऊन स्वतः पायरीवर बसायच्या.

नंतर एक वर्ष दुष्काळाचं गेलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. गावातले गुलाब गेले, डेलिया गेले, हिरवळी पिवळ्या होऊन उडून गेल्या. बाईंचं कुसळी गुडघ्याएवढंच झालं, पण झालं, आणि रंग असा धरला की रस्त्यानं जाणारी माणसं सायकल थांबवून बघायला लागली. मी म्हटलं, बाई, यंदा बक्षीस तुमचंच. आठवड्यानं मंडळानं कळवलं की यंदा गावात बागाच नसल्यामुळं स्पर्धा रद्द केली आहे. ते ऐकून बाई इतक्या हसल्या की ओट्यावर खाली बसल्या. मी त्यांना तसं हसताना एकदाच बघितलं.

पुढं माझी बदली झाली. संसार, मुलं, आणखी बदल्या. बाईंची खुशाली कधी कुणाकडून कळायची, कधी वर्ष-वर्ष नाही. नव्वदचं दशक असंच गेलं. मग मराठवाड्यात एका लग्नाला आले असताना मुद्दाम वाट वाकडी करून परतूरला उतरले.

दार एका तरुण मुलीनं उघडलं. ती बाईंची भाची, त्या औरंगाबादच्या भावाची मुलगी. परतूरलाच शिक्षिका म्हणून लागली होती आणि आत्याकडं राहत होती. "पप्पांनीच पाठवलं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं की आत्याला काचबिंदू झाला, कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता उजेड-अंधार एवढंच कळतं.

बाई ओट्यावर खुर्चीत होत्या. पुढ्यात तो वाटोळा तुकडा, भरून आलेला. भाचीनंच राखला होता. मी नाव सांगायच्या आधी त्यांनी माझा आवाज ओळखला. विचारपूस झाली. मुलं किती, काय करतात, गणितात बरी आहेत का. त्यांचा आवाज होता तसाच.

मग त्यांनी हात पुढं करून माझं मनगट धरलं. तळहाताची कातडी अजून गुळगुळीत, जळाल्याची.

"बरं झालं आलात. हिला रंगच सांगता येत न्हाई हो. रोज विचारते, तर म्हणती लाल. सगळं लालच. तुम्ही सांगा. आता काय दिसून राह्यलंय?"

"छान दिसतंय बाई. तांबूस."

"तांबूस म्हंजे? तुम्ही बँकेतल्यासारखं नका बोलू. नीट बघून सांगा."

मी खुर्चीशेजारी पायरीवर बसले. बघितलं. इतकी वर्षं मी हे गवत बघितलं आहे असं मला वाटत होतं. सांगायची वेळ आली तेव्हा कळलं की एकेक काडी निराळी आहे. मी सावकाश सुरुवात केली. बुडाशी वाळल्या कांद्याच्या पापुद्र्याचा रंग आहे. त्याच्या वर पेरांपाशी नव्या विटेचा. पानं वळलीत तिथं आतली बाजू फिक्कट, तुरीच्या डाळीसारखी. वेण्या काळ्या नाहीत बाई, मधाच्या पोळ्यासारख्या आहेत, आणि उन्हाच्या कडेला त्यांना सोन्याची रेघ आहे. डावीकडचा ठोंब सगळ्यांहून गडद आहे, जांभळाचं पाणी सांडल्यासारखा.

"तो केदारखेड्याचा," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. भाची दारात उभी राहून ऐकत होती.

मी थांबले. मला वाटलं, झालं सांगून.

"थांबू नका," बाई म्हणाल्या. "ऊन उतरलं असंल. आता ते खालून बदलायला लागलं असंल. सांगा."

मी बघितलं. खरंच, ते खालून बदलायला लागलं होतं.